एका नावाची दोन माणसं

२०२४ साल. माझं वय शहात्तर. गुडघे गेले होते, कान शाबूत होते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. शाळा म्हणाल तर चौथी. चौथीच्या पुढे बापाने पाठवलं नाही आणि मीही पाठव म्हटलं नाही, कारण वाडीत पानवेलीला पाणी द्यायला माणूस हवा होता. पण वाचायला मला येतं. हळू येतं, बोट ठेवून येतं. कोणी "आजोबा, वाचून दाखवू का?" म्हटलं की मात्र माझं डोकं फिरतं.

आमची वाडी होळी नावाच्या नाक्याच्या बाजूला. आता तिच्यात दुधी, चवळी आणि थोडी फुलं. मुलगा लग्नानंतर विरारला फुलपाड्यात फ्लॅट घेऊन गेला. त्याची मुलगी, म्हणजे माझी नात, तिथेच वाढली. तिला आमची घरची बोली समजते, बोलता येत नाही. ती बोलायला लागली की निम्मी मुंबईची मराठी, उरलेलं हिंदी आणि इंग्रजी. इथे लिहितानाही मी शाळेतली मराठी लिहितोय. आमची बोली कागदावर कशी उतरवायची ते मला कोणी शिकवलेलं नाही.

नात त्या वर्षी भूगोलात एम.ए. करत होती. शेवटी एक मोठा प्रबंध लिहावा लागतो म्हणे. तिने विषय घेतला, आमच्या गावांतल्या विहिरी आणि बावखलं. बावखल म्हणजे वाडीच्या पोटातलं तळं, पावसाचं पाणी धरून ठेवणारं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवणारं. हा विषय तिने घेतला म्हणून मला इतका आनंद झाला की मी दोन दिवस कोणावर ओरडलो नाही.

जानेवारीत एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ती आली, ओटीवर बसली आणि माझ्यासमोर फोन ठेवला.

"बोला आजोबा, रेकॉर्ड होतंय."

"कुठून बोलू?"

"कुठूनही. मला सगळंच हवंय."

दोन तास बोललो. रहाट, बैल, बावखलातला गाळ काढायला सगळं गाव कसं उतरायचं, सगळं सांगितलं. शेवटी तिने विचारलं, "टँकरच्या काळात काय झालं?" त्यावर मी छाती पुढे काढून म्हटलं, "आमच्या विहिरीतून टँकरला एक थेंबसुद्धा गेला नाही. हे लिही."

तिने लिहिलं. ते खोटं होतं.

खरं काय झालं ते सांगतो. आमची विहीर हद्दीवर आहे. आज्याच्या मागे माझा बाप आणि माझा काका वेगळे झाले तेव्हा जमीन वाटली गेली, झाडं वाटली गेली आणि विहीर अर्धी-अर्धी राहिली. काकाच्या पश्चात त्याची अर्धी त्याच्या थोरल्या मुलाकडे आली. नालासोपारा आणि विरारच्या बाजूला बिल्डिंगी उठायला लागल्या, नळ नव्हते, म्हणून टँकर गावांत शिरायला लागले. गाव दुभंगलं. काहींनी पंप लावले, काही रस्त्यावर उतरले. माझ्या चुलतभावाने आमच्या विहिरीवर त्याच्या बाजूने पंप लावला. म्हणाला, "माझ्या अर्ध्यातलं विकतोय." विहिरीत अर्धं पाणी वेगळं काढून ठेवता येतं का? एका सकाळी मी टँकरच्या वाटेवर आडवा झालो. चुलतभाऊ सगळ्यांच्या देखत म्हणाला, "येडा झालाय हा, उचला त्याला." चौघांनी हातापायाला धरून मला बाजूला ठेवलं. मला उचललं हे मी अजून विसरलेलो नाही. दोन वर्षांनी पाणी मचूळ झालं, माझी पानवेल बुंध्यापासून जळाली. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाही. तीस वर्षं होऊन गेली. मयतीला नाही, लग्नाला नाही. चर्चमध्ये तो उजवीकडच्या बाकावर बसतो म्हणून मी डावीकडे बसतो.

आता यातली मुख्य गोष्ट. त्याचं आणि माझं नाव एकच आहे. नाव एक, आडनाव एक, गाव एक. आमच्यात थोरल्या मुलाला आज्याचं नाव देतात. माझा बाप आणि काका दोघांना पहिला मुलगाच झाला, पाच महिन्यांच्या अंतराने, आणि दोघांनीही आपल्या बापाचंच नाव ठेवलं. बाप्तिस्म्याच्या वहीत आम्ही एकाच पानावर आहोत. गावात याने कोणाचं अडत नाही. मी थोरला, तो धाकटा. पुढे त्याने रस्त्याला लागून घर बांधलं तर तो रस्त्याकडचा झाला. आमच्याकडे खरं नाव बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि थडग्यावर लागतं, मधे फारसं कोणी काढत नाही. माझी नात रस्त्याकडचे आजोबा एवढंच ऐकून होती, तेही आजीकडून, कारण माझ्या तोंडून तेवढंही निघत नसे.

फेब्रुवारीत ती लॅपटॉप घेऊन आली. जेवणं झाली होती. मला म्हणाली, "आजोबा, या, तुमचं नाव दाखवते."

तिने जे दाखवलं ते मला नीट समजलं, म्हणून सांगतो. प्रबंध लिहिताना जे कोणाकडून घेतलं ते कोणाचं हे तिथल्या तिथे लिहावं लागतं, आणि शेवटी सगळ्यांची यादी द्यावी लागते. पूर्वी हे हाताने करत. आता त्याचं सॉफ्टवेअर आहे. त्यात एकेका पुस्तकाची नोंद करायची, लिहिणारा कोण, साल कोणतं, कुठे छापलं. माणसाशी बोललं असेल तर त्याचीही नोंद, मुलाखत म्हणून. मग लिहिता लिहिता एक बटण दाबलं की कंसात नाव आपोआप येतं, आणि शेवटची यादी आपोआप लागते, अक्षरांच्या क्रमाने, एकही नाव इकडचं तिकडे नाही.

"हे बघा," ती म्हणाली, "तुमच्या वर हे इंग्लंडचे प्रोफेसर. खाली हे पुण्याचे, पाण्यावर फार मोठं काम आहे त्यांचं."

"आणि मधे मी?"

"मधे तुम्ही."

मी हिला हाक मारली. हिला म्हणजे बायकोला. ती ओल्या हाताने आली.

"बघ, कोणाच्या मधे बसलोय."

ती वाकून बघत म्हणाली, "चौथीवाल्याला बरी जागा दिली." आणि परत भांड्यांकडे गेली. पण जाताना हसत होती.

मला तिथे बसायला आवडलं, खोटं का बोलू? माझ्या बापाला अंगठा उठवावा लागायचा. मी एका यादीत होतो जी मुंबईच्या युनिव्हर्सिटीत जाणार होती.

तेवढ्यात नात म्हणाली, "अरे, हे काय? आजोबा, तुम्ही दोनदा आलात."

सॉफ्टवेअरने आपणहून दोन नोंदी वेगळ्या काढून दाखवल्या होत्या. तेच आडनाव, तेच नाव, तेच गाव, तेच साल, मुलाखत. एकसारखी नोंद दोनदा झाली असेल तर ते असं पुढे आणून ठेवतं आणि विचारतं, या दोन एकत्र करायच्या का?

"एक मी टाकलीय," ती म्हणाली, "आणि ही दुसरी माझ्या मैत्रिणीने."

ही मैत्रीण नालासोपाऱ्यातल्या तुळिंजची. दोघी मिळून मुलाखती घेत होत्या आणि दोघींची यादी एकच होती. पुढे मैत्रिणीला नोकरी लागली आणि तिने एम.ए. अर्धंच सोडलं. मुलाखतींचं टाइप केलेलं होतं ते माझ्या नातीला देऊन गेली. रेकॉर्डिंग जुन्या फोनमध्ये होतं, तो फोन बिघडला, त्याबरोबर ते गेलं.

"ती तुमच्याशी पण बोलली होती ना? इथे जेवून गेली होती त्या दिवशी?"

मला त्याच क्षणी कळलं. पोरगी माझ्याकडे जेवली, पण माझ्याशी बोलली ती भाजीबद्दल. जेवून ती रस्त्याने खाली गेली होती आणि मी ओटीवरून तिला रस्त्याकडच्याच्या फाटकात उभी पाहिली होती. त्याने तिला खुर्ची आणून दिली तेही पाहिलं होतं.

"आजोबा? एकच आहेत ना या दोन?"

मी म्हटलं, "या गावात या नावाचा एकच माणूस आहे."

"नक्की?"

"मला माझं नाव विचारतेस?"

तिने बटण दाबलं. दोन ओळी होत्या, तिथे एक राहिली. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. तीस वर्षं तो माणूस माझ्या डोळ्यांसमोरून जात येत होता, मी मान फिरवत होतो, माझी मान दुखून गेली, आणि इथे एका बोटाने तो नाहीसा झाला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

नात संध्याकाळी गेली. हिने कपबशी उचलता उचलता विचारलं, "गावात एकच काय हो? मग त्या रस्त्याकडच्याला काय नुसता नंबर दिलाय देवाने?"

"तू भांडी घास."

"घासलीत. पोरीच्या कामात तुमचं भांडण कशाला घातलंत?"

मी चपला घालून वाडीकडे निघालो. हिच्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही तेव्हा तिला बरोबर कळतं.

मार्चचा दुसरा आठवडा होता. एका मंगळवारी दुपारी नात अवेळी आली. खांद्यावरची बॅग उतरवलीच नाही, तशीच ओटीवर बसली. डोळे लाल. मी विचारलं, "घरी काही झालं का?" तिने नकारार्थी मान हलवली आणि बॅगेतून कागद काढले. प्रबंधातलं एक प्रकरण होतं, त्यावर लाल पेनने लिहिलेलं. तिच्या मॅडमने. मॅडम म्हणजे तिचं काम बघणारी, तिने सही केल्याशिवाय प्रबंध पुढे जात नाही.

"आजोबा, हे एकतीस नंबरचं पान. तुम्ही म्हणताय, विहिरीतून थेंब गेला नाही. आणि हे अडतीस. तिथे तुम्हीच म्हणताय, दोन वर्षं टँकर भरले. त्याच विहिरीतून. कंसात दोन्हीकडे तुमचंच नाव."

मॅडमने दोन्ही पानांवर लाल गोल काढले होते आणि समासात लिहिलं होतं. नात वाचायला लागली, मी तिच्या हातातून कागद घेतला. बोट ठेवून वाचलं. "हा माहितीदार विश्वासार्ह नाही. एकतर खोटं सांगतो किंवा त्याला आठवत नाही. याची सर्व विधानं काढावीत."

विश्वासार्ह या शब्दावर मला दोनदा थांबावं लागलं. मग लागला.

"काढलं तर काय होईल?"

"तेवीस ठिकाणी आहात तुम्ही. तुम्हाला काढलं तर प्रकरणच राहत नाही. आणि सोमवारी शेवटची तारीख. नाही दिलं तर वर्ष जातं." तिचा आवाज फाटला. "मला फक्त एवढं सांगा, दोन्हींतलं खरं कुठलं? खोटं असेल ते मी काढते आणि मॅडमच्या पाया पडते."

मी लगेच म्हटलं, "अडतीसवालं काढून टाक."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

"पण शब्द तुमचेच आहेत ना! मी बनवलेत का? वाचा तरी काय बोललात ते."

तिने अडतिसावं पान माझ्या मांडीवर ठेवलं. मी वाचलं. मजकूर असा होता, आजही मला पाठ आहे: "दोन वर्षं मी त्या विहिरीतून टँकर भरले. माझा भाऊ वाटेवर आडवा पडला. त्याला मी सगळ्यांसमोर येडा म्हटलं, चौघांकडून उचलवला. पुढे पाणी मचूळ झालं, त्याची पानवेल जळाली, मग माझीही केळी गेली. बरोबर तोच होता. पण जाऊन सांगायला तोंड राहिलं नाही."

मी ते पुन्हा वाचलं. एक डास पायावर बसला होता, त्याला मारलं नाही. तीस वर्षं मी त्या माणसाच्या तोंडून दोन शब्दांची वाट बघत होतो असं नाही म्हणणार, मी त्याची वाट बघत नव्हतो, मी त्याच्या मरणाची वाट बघत होतो, हे लिहायला लाज वाटते. आणि त्याने ते शब्द बोलून टाकले होते. तुळिंजच्या एका परक्या पोरीला, फाटकात खुर्ची देऊन, घटकाभरात. आणि ते माझ्या नावावर लागले होते. मीच लावून घेतले होते. वाचणाऱ्याला दिसणार की पाणी मी विकलं, भावाला मी उचलवला. जी गोष्ट तीस वर्षं मी त्याच्या नावाने धरून बसलो ती छापून माझ्या नावाने जाणार.

आणि खोटं कुठलं? अडतीसवर जे होतं ते खरं होतं. खोटं होतं एकतिसावर, आणि तेच तेवढं माझं होतं.

नातीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हणाली, "आजोबा, हल्ली विसरायला होतं का तुम्हाला? असेल तर चालेल हो. मी मॅडमना सांगते, वय झालंय, म्हणून गोंधळ झाला. कदाचित त्या ऐकतील."

तिने मला वाट काढून दिली होती. नुसतं "हो" म्हणायचं होतं. विसरलो म्हटलं की सगळं झाकलं जात होतं. पण माझी नात मॅडमसमोर उभी राहून सांगणार की माझ्या आजोबांचं डोकं चालत नाही, आणि मी ते सांगू देणार, हे मला गिळवेना. दुसरं, म्हणजे खरं सांगणं, तेही गिळवत नव्हतं. मी उठलो आणि वाडीत गेलो. दुधीच्या मांडवाखाली उगाच उभा राहिलो. काही बांधायचं नव्हतं, काही तोडायचं नव्हतं.

परत आलो तेव्हा हिने नातीला चहा दिला होता. हिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगतो."

सांगितलं. उभ्यानेच सांगितलं. माझ्या नावाचा आणखी एक माणूस गावात आहे, तुझी मैत्रीण त्याच्याशी बोलली, तू मला विचारलंस तेव्हा मला माहीत होतं.

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "रस्त्याकडचे आजोबा?"

"तो."

"त्यांचं नाव तेच आहे?"

"तेच."

"मला कोणी कधी सांगितलंच नाही!"

"विचारलं नाहीस."

"विचारलं होतं!" ती ओरडली. माझ्यावर घरात आजवर कोणी ओरडलं नव्हतं, माझा मुलगासुद्धा. "त्या दिवशी विचारलं होतं, नक्की का म्हणून दोनदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात मला माझं नाव विचारतेस? यादीत सगळ्यांत पहिली नोंद मी तुमची केली होती, माहितेय? एकाही पुस्तकाच्या आधी."

 हिने कपबशी हळूच बाजूला सरकवली.

"आणखी एक आहे," मी म्हटलं. "एकतीसवालं. थेंब गेला नाही ते. ते खोटं आहे. ते मीच सांगितलंय."

नातीने दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. मग कपाळ चोळत म्हणाली, "म्हणजे मॅडम बरोबर बोलल्या."

ते लागलं मला. ओरडली त्यापेक्षा जास्त लागलं.

मी म्हटलं, "मग आता त्या सॉफ्टवेअरला सांग ना, पुन्हा दोन कर. एक केले तसे दोन कर."

"दुसरी नोंद मी दोन मिनिटांत करीन. पण कुठलं वाक्य कोणाचं हे त्याला कसं कळणार? ते फक्त मी सांगितलेलं लक्षात ठेवतं. मी सांगितलं एक माणूस, त्याने तेवीस ठिकाणी एक माणूस लावला. आणि दोन्ही मुलाखतींतले मुद्दे मी विषयाप्रमाणे एकात एक मिसळून टाकलेत, मूळची फाइल पण नाही ठेवली, मैत्रिणीकडेही नाही, तुमचं रेकॉर्डिंगही टाइप केल्यावर फोनमधून पुसून टाकलं, मला वाटलं तुम्हीच तर आहात."

तेवीस जागा आम्ही एकेक करून बघायला बसलो. ती वाचायची, मी सांगायचो, ती पेन्सिलीने खूण करायची. नऊ माझ्या होत्या, डोळे मिटून सांगितल्या. सात त्याच्या, त्याही डोळे मिटून, कारण पंप, टँकरवाले आणि ते दोन वर्षांचं सगळं मी कशाला सांगेन? राहिल्या सात. तिथे मी अडलो. बावखलात पहिल्यांदा पोहायला कोणी ढकललं. आज्याने रहाटाचा बैल विकला त्या दिवशी घरात चूल कशी पेटली नव्हती. विहिरीच्या कठड्यावर बसून खाल्लेली ओली चिंच.

"हे तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं असेन."

"की त्यांनी?"

"त्यानेही सांगितलं असेल. आम्ही दोघं होतो तिथे."

"नीट आठवा ना, आजोबा."

मी नीट आठवलं. आठवलं ते एवढंच, की आम्ही दोघं एका चटईवर झोपायचो. कोणी काय पोरीला सांगितलं ते कुठून आठवणार? चिंचेचं वाक्य तर अगदी माझ्यासारखं होतं, शब्द माझे होते. पण माझे शब्द त्याचेही होते. एका घरात, एका आजीच्या तोंडून आम्ही बोलायला शिकलो.

नात म्हणाली, "मॅडम शुक्रवारी बघणार आहेत. प्रत्येक वाक्य कोणाचं ते लागेल, आणि दोघांच्या सह्या लागतील, की हे माझे शब्द आहेत म्हणून. मैत्रिणीने त्यांची सही घेतलीच नव्हती. मी उद्या जाते त्यांच्याकडे."

"तू नको."

"मग कोण जाणार?"

"तू गेलीस तर तो तुला खुर्ची देईल, सरबत देईल, सगळीकडे सही करील. मग विचारील, थोरला कुठे आहे? काय सांगशील?"

"सांगीन घरी आहेत, रागात."

हिने तोंडाला पदर लावला. हसली की काय, कळलं नाही.

"कागद ठेवून जा," मी म्हटलं.

"आजोबा, तुम्ही गेलात आणि तिथे भांडलात तर माझं वर्ष गेलं. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"नाही, म्हणजे, तीस वर्षं तुम्ही..."

"कळतंय म्हटलं ना."

ती कागद ठेवून गेली. जाताना माझ्या पाया पडली नाही, नेहमी पडते. माझ्या नऊ जागांसमोर तिने 'आजोबा' लिहिलं होतं, अडलेल्या सात जागांना प्रश्नचिन्ह करून ठेवलं होतं आणि त्याच्या सात जागांसमोर काहीच लिहिलं नव्हतं. त्याच्यासाठी काय लिहायचं हे तिला सुचलं नसावं, कारण आजोबा तर माझ्यासाठी लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला सदरा घातला, कागद कापडी पिशवीत घातले, पेन्सिल घेतली आणि रस्त्याने खाली गेलो. गुडघ्यांमुळे दोनदा थांबलो. तो अंगणात बसून केळीची पानं पुसून गड्ड्या बांधत होता. माझ्यापेक्षा जास्त म्हातारा दिसत होता. पाच महिन्यांनी लहान असून.

त्याने वर बघितलं, हातातला फडका तसाच राहिला.

"कोण मेलं?" त्याने विचारलं. आमच्यात एवढ्या सकाळी, एवढ्या वर्षांनी कोणी आलं तर दुसरं कारण नसतं.

"कोणी नाही. नातीचं काम आहे."

"तुझी नात?"

"माझी. अभ्यासाचं."

"तीस वर्षांनी आलास ते अभ्यास घेऊन?"

तोंडावर आलेलं गिळलं, पोरीचं वर्ष होतं. त्याच्या समोरच्या पाटावर बसलो. बसताना गुडघा वाजला, त्यालाही ऐकू गेला असेल. पिशवीतून कागद काढले. वाटेत मी ठरवलं होतं की आधी ती सात प्रश्नचिन्हं काढायची, सोपी तेवढी, मग सह्या, मग घरी. पण हात गेला एकतिसाव्या पानावर. ते मी त्याच्या गुडघ्यावर ठेवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. चष्मा कपाळावरून खाली ओढून तो वाचायला लागला. तोही बोट ठेवूनच वाचतो. माझ्या बोटाला त्याचं बोट लागलं, त्याने काढलं नाही.

"आमच्या विहिरीतून," तो मोठ्याने म्हणाला, "टँकरला एक थेंबसुद्धा गेला नाही." मग माझ्याकडे बघितलं. "हे कोण बोललं?"

"मी."

"खोटं आहे."

"म्हणूनच आलोय. घे, काट मार याच्यावर." मी पेन्सिल पुढे केली.

त्याने पेन्सिलीकडे बघितलं, घेतली नाही. पानांची गड्डी पुन्हा मांडीवर ओढली आणि दोरी घट्ट केली.

"मी का मारू?" तो म्हणाला. "तुझं वाक्य आहे. तूच मार."

मी कागद पाटाच्या कडेवर ठेवला, डाव्या हाताने दाबून धरला आणि काट मारली.